लिनक्स प्रॉडक्शन सर्व्हर अपडेट करताना नेटवर्क सेटिंग टिकवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर वर्षभर नीट चालला, कुणी कॉन्फिगला हात लावला नाही, मग अपडेटनंतर नेटवर्क जातंच कसं?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा अपडेट तुमची फाइल बिघडवत नाही, फाइल जिथल्या तिथे असते, पण त्या फाइलीत जे लिहिलेलं नाही आणि जे डिफॉल्टवर चाललं होतं ते बदलतं. नेटवर्क कार्डाचं नाव, ब्रिजचा (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीनना कार्डाशी जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर पत्ता), डीएचसीपीला (आपोआप आयपी वाटणारी सेवा) सांगायची ओळख, डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) कोण सांभाळणार, फायरवॉलचं मागचं इंजिन, कर्नलच्या सेटिंग कुठल्या फाइलीतून वाचायच्या, यातली एकही गोष्ट आपण सहसा स्वतः लिहून ठेवत नाही, सिस्टमडी (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) किंवा कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा डिस्ट्रो (उबुंटू, रेडहॅट, डेबियन असं लिनक्सचं रूप) आपल्यासाठी ठरवतं आणि पुढच्या व्हर्जनला वेगळं ठरवतं. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात मी फिरून फिरून एकच विचारणार आहे: ही गोष्ट तुमच्या सर्व्हरवर कुठे लिहिलेली आहे, की आपोआप चाललीये? आपोआप चालली असेल तर अपडेटच्या आधी ती लिहून टाका.

दुसरं कारण म्हणजे मेमरीत राहिलेली सेटिंग. कुणीतरी आठ महिन्यांपूर्वी रात्री "आयपी राउट अ‍ॅड" मारून एक राउट (पॅकेटने कुठल्या वाटेने जायचं ती नोंद) टाकला, सगळं चालू झालं, तिकीट बंद झालं, आणि तो राउट कुठल्याही फाइलीत नाही. अपडेटनंतर रीबूट झाला की तो गेला, आणि शिव्या अपडेटला बसतात.

कार्डाचं नाव बदलतं म्हणजे नक्की काय होतं?

पूर्वी ईथ-झिरो, ईथ-वन अशी नावं असायची आणि कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते झिरो. दोन कार्डं असतील तर बूटला कधी हे आधी तर कधी ते, त्यामुळे नावांची अदलाबदल व्हायची. २०१३ मध्ये सिस्टमडी १९७ ने यावर तोडगा काढला, कार्ड मशीनमध्ये कुठे बसलंय त्यावरून नाव द्यायचं. मदरबोर्डवरचं असेल तर ईएनओ१, स्लॉटमधलं असेल तर ईएनएस१९२, पीसीआय बसवरून असेल तर ईएनपी३एस०. व्हीएमवेअरवर काम करणाऱ्यांना ईएनएस१६० आणि ईएनएस१९२ झोपेतही आठवतात.

आता गंमत अशी की हे नाव जागेवरून येतं, वस्तूवरून नाही. "डावीकडून तिसरं घर" असा पत्ता दिला आणि मध्ये नवीन इमारत उभी राहिली तर पोस्टमन दुसऱ्याच दारात जाणार, तसंच. मशीनमध्ये नवीन जीपीयू किंवा एनव्हीएमई कार्ड टाकलं की पीसीआय बसचे नंबर सरकतात आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. बायॉस अपडेट केलं की स्लॉटचे नंबर वेगळे सांगितले जाऊ शकतात. आणि हार्डवेअरला कुणी हात लावला नाही तरी सिस्टमडी किंवा ड्रायव्हर नवीन झाला की नाव बदलू शकतं. कर्नल ६.८ च्या आसपास इंटेलच्या एक्स७१० सारख्या, म्हणजे आय४०ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांच्या नावाला शेवटी "एनपी०" अशी शेपटी लागली, कारण ड्रायव्हर पोर्टची जास्तीची माहिती द्यायला लागला. प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) वाल्यांना हे २०२४ मध्ये भरपूर भोवलं. कॉन्फिगमध्ये जुनं नाव, मशीनवर नवीन नाव, ब्रिजला पोर्टच सापडत नाही आणि त्याच्यावरचे सगळे व्हीएम एका झटक्यात गायब.

मग नाव कायमचं पक्कं कसं करायचं?

मॅक पत्त्यावरून स्वतः नाव द्या. ईटीसी-सिस्टमडी-नेटवर्क या फोल्डरमध्ये कार्डागणिक एक डॉट-लिंक फाइल करायची, फाइलीचं नाव १० ने सुरू ठेवायचं म्हणजे ती डिफॉल्टच्या ९९ वाल्या फाइलीच्या आधी लागते. आत दोनच भाग: मॅच खाली "परमनंट मॅक अ‍ॅड्रेस" आणि लिंक खाली "नेम". साधं "मॅक अ‍ॅड्रेस" न वापरता परमनंट वालं वापरा, विशेषतः बाँड (दोन-तीन कार्डं बांधून केलेलं एक) असेल तर, कारण बाँडमध्ये गेलेल्या कार्डांचा चालू मॅक एकसारखा होतो आणि परमनंट मात्र कारखान्यातून आला तोच राहतो.

नाव काय द्यायचं यावरही थोडं. ईथ-झिरो नका देऊ. कर्नल स्वतः तीच नावं वाटतो, त्यामुळे तुम्ही मागितलेलं ईथ-झिरो आधीच दुसऱ्या कार्डाने घेतलेलं असू शकतं आणि मग नाव बदलणं अडकतं. लॅन०, वॅन०, स्टोअर०, मॅनेज० अशी कामावरून नावं द्या, रात्री दोनला कन्सोलवर बघतानाही लगेच कळतं कुठली वायर कुठे. नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही.

व्हीएम असेल तर व्हीएमचा मॅक हायपरव्हायजरमध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) फिक्स आहे ना तेही बघा, क्लोन किंवा रिस्टोअर करताना नवीन मॅक मिळाला तर तुमची लिंक फाइल कुणालाच लागू होणार नाही.

कर्नलच्या ओळीत "नेट डॉट इफनेम्स बरोबर शून्य" टाकलं की काम होतं ना? सगळीकडे तेच सांगतात.

एकच कार्ड असलेल्या व्हीएमवर होतं. दोन किंवा जास्त कार्डं असतील तर तुम्ही परत २०१३ च्या आधीच्या परिस्थितीत गेलात, आज बरोबर आलेली नावं उद्याच्या कर्नलने उलटी दिली तर तक्रार करायला जागा नाही. रेडहॅटच्या लीप टूलने ७ वरून ८ ला जाताना एकापेक्षा जास्त ईथ नावाची कार्डं दिसली तर ते अपग्रेडच अडवतं, ते उगाच नाही.

यापेक्षा सौम्य पर्याय म्हणजे "नेट डॉट नेमिंग-स्कीम" हा पॅरामीटर. यात सिस्टमडीला सांगता येतं की नावं ठेवण्याची पद्धत अमुक जुन्या व्हर्जनचीच वापर. फ्लीट मोठी असेल आणि प्रत्येक मशीनसाठी लिंक फाइल लगेच करणं जमत नसेल तर हे चांगलं, पण ड्रायव्हरने दिलेली माहिती बदलली की हा पॅरामीटर एकटा पुरत नाही, वरचं एनपी० वालं उदाहरण तसलंच.

लिंक फाइल लिहिली, रीबूट केला, तरी जुनंच नाव येतंय!

इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टम, परत बनवली नाही. नाव बदलण्याचं काम बरेचदा बूटच्या अगदी सुरुवातीला, रूट डिस्क माउंट व्हायच्या आधीच होतं आणि तिथे तुमची नवीन फाइल नसते. डेबियन-उबुंटूवर "अपडेट-इनिटरॅमएफएस -यू", रेडहॅटच्या घरात "ड्रॅकट -एफ". मग रीबूट.

अपडेटच्या आधी काय काय काढून ठेवायचं?

चालू परिस्थितीचा पूर्ण फोटो, आणि तो दुसऱ्या मशीनवर. त्याच सर्व्हरवर ठेवला आणि सर्व्हरच दिसेना झाला तर उपयोग काय. निदान एवढं तरी घ्याच: सगळे पत्ते, सगळे राउट (फक्त मुख्य टेबल नाही, "टेबल ऑल" म्हणून), "आयपी रूल" चं आउटपुट कारण पॉलिसी राउटिंग लोक विसरतात, कुठल्या पोर्टवर काय ऐकतंय ती "एसएस" ची यादी, फायरवॉलचे नियम, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (डीएनएस सर्व्हर लिहिलेली फाइल) आणि ती खरी फाइल आहे की दुसरीकडे बोट दाखवणारी सिमलिंक आहे ते, बाँडची स्थिती प्रॉक-नेट-बाँडिंग मधून, कर्नलची बूट ओळ, चालू सिससीटीएल किमती (कर्नलच्या सेटिंग), आणि प्रत्येक कार्डाचं इथटूल आउटपुट म्हणजे ड्रायव्हर, फर्मवेअर, रिंग बफर (पॅकेटची रांग), ऑफलोड (कार्डाने स्वतःवर घेतलेलं काम).

शेवटचं का सांगतोय तर रिंग बफर किंवा ऑफलोड कुणी हाताने बदललं असेल तर रीबूटनंतर ते मूळ किमतीवर जातं, नेटवर्क चालू दिसतं, पिंग जातो, आणि दोन दिवसांनी पीक टाइमला पॅकेट ड्रॉप व्हायला लागतात. तेव्हा अपडेट कुणाच्या डोक्यातही नसतं.

हा फोटो स्क्रिप्टने काढा म्हणजे अपडेटनंतर तीच स्क्रिप्ट परत चालवून डिफ मारता येतो, म्हणजे आधीचा-नंतरचा फरक बघता येतो.

अपडेट करायच्या आधी नुसता रीबूट करायला सांगतात, त्याने काय होतं?

खूप काही होतं. अपडेट न करता रीबूट केला आणि नेटवर्क नीट उभं राहिलं नाही, तर दोष आधीपासूनच होता, मेमरीतला राउट किंवा अर्धवट बदललेली फाइल किंवा "एनेबल" न केलेली सर्व्हिस. हे अपडेटसोबत सापडलं असतं तर पन्नास नवीन पॅकेजमध्ये कारण शोधत बसला असतात. ज्या सर्व्हरचा अपटाइम चारशे दिवस आहे तिथे तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका. मॅनेजरला वाटतं दोनदा डाउनटाइम कशाला, त्यांना सांगा की पहिल्या रीबूटला सगळ्या टीमला कारण माहीत असतं, दुसऱ्याला नसतं.

एसएसएचवरून काम करतोय, मध्येच बाहेर फेकला गेलो तर?

पुण्यात घरी बसून ऐरोली किंवा महापेच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर अपडेट करताय, नेटवर्क गेलं की गाडी काढून जायचं का? म्हणून आधी दुसरं दार. फिजिकल मशीन असेल तर आयड्रॅक किंवा आयएलओ (सर्व्हरमधलंच वेगळं रिमोट कन्सोल), व्हीएम असेल तर हायपरव्हायजरचं कन्सोल, क्लाउडवर असेल तर सीरियल कन्सोल. आणि दार आहे एवढं पुरत नाही, आजच उघडून बघा, लॉगिन करून बघा. कित्येक ठिकाणी फक्त एसएसएच-की असते आणि रूटचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, मग कन्सोलवर लॉगिनची ओळ समोर दिसतेय आणि आत जाता येत नाही, यासारखा त्रास नाही.

अपग्रेड नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा, लाइन तुटली तरी ते चालू राहतं. उबुंटूचं "डू-रिलीज-अपग्रेड" एसएसएचवरून चालवलं तर ते सावधगिरी म्हणून १०२२ पोर्टवर आणखी एक एसएसएच सर्व्हर उभा करतं, पण फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा नसेल तर त्याचा फायदा शून्य.

कॉन्फिग बदलताना आपोआप मागे फिरणारी सोय वापरा. उबुंटूवर (तिथे नेटवर्कचं कॉन्फिग नेटप्लॅन सांभाळतं) "नेटप्लॅन अप्लाय" न करता "नेटप्लॅन ट्राय" करा, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनं कॉन्फिग परत येतं. फक्त ध्यानात ठेवा, बाँड आणि ब्रिजचे खास पॅरामीटर बदलले असतील तर ट्रायला ते मागे घेता येत नाहीत. रेडहॅटच्या बाजूला एनएमस्टेट हे काम नीट करतं, लावल्यावर पडताळतं आणि जुळलं नाही तर मागे जातं. यातलं काहीच नसेल तर साधा उपाय, बदल करायच्या आधी "सिस्टमडी-रन" किंवा "अ‍ॅट" ने दहा मिनिटांनी जुनी फाइल परत ठेवून नेटवर्क लावणारी स्क्रिप्ट शेड्यूल करा, सगळं नीट झालं तर ती रद्द करा. नेटवर्क इक्विपमेंटवाल्यांकडे "कमिट कन्फर्म्ड" असतं त्याचंच हे घरगुती रूप.

उबुंटूचे ऑटोमॅटिक सिक्युरिटी अपडेट बंद करावेत का? त्यात नेटवर्कचा काय संबंध?

संबंध आहे आणि तो चांगलाच महागात पडलाय, थोडं सविस्तर सांगतो.

८ मार्च २०२३ ला डेटाडॉग या मॉनिटरिंग कंपनीची सेवा मोठ्या प्रमाणावर बंद पडली, आणि त्यांनी नंतर कारण उघडपणे मांडलं. त्यांची मशीन उबुंटू २२.०४ वर होती, सिस्टमडीचा एक सिक्युरिटी पॅच अनअटेंडेड-अपग्रेडने आपोआप बसला, त्यामुळे सिस्टमडी-नेटवर्कडी (सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) रीस्टार्ट झाला, आणि रीस्टार्ट होताना त्याने स्वतः न टाकलेले राउट परके समजून काढून टाकले. ते राउट सिलियमने टाकलेले होते, कंटेनरचं सगळं नेटवर्क त्यावर चालत होतं. हजारो मशीन, तीन वेगवेगळे क्लाउड, आणि सगळं साधारण एकाच तासात, कारण प्रत्येक मशीनवर टायमर एकच. यातली शिकण्यासारखी बाब म्हणजे मशीन नवीन बूट होताना हा प्रकार दिसतच नव्हता, नेटवर्कडी आधी उठतो आणि सिलियम नंतर राउट टाकतो, त्यामुळे टेस्टमध्ये सगळं हिरवं. चालू मशीनवर नेटवर्कडी रीस्टार्ट करून बघितला असता तरच सापडलं असतं.

त्याच्या आधी ३० ऑगस्ट २०२२ ला उबुंटू १८.०४ च्या सिस्टमडी पॅचने अ‍ॅझ्युअरवरच्या व्हीएमचं डीएनएस गेलं होतं, पॅच बसला आणि डीएचसीपीने मिळालेले डीएनएस सर्व्हर विसरले गेले. रीबूट केला की परत येत होतं.

आता आपल्याकडचा मुद्दा. "अ‍ॅप्ट-डेली-अपग्रेड" चा टायमर मशीनच्या घड्याळाने सकाळी ६ ला, आणि पुढच्या तासाभरात कधीही, असा असतो. क्लाउडच्या इमेजचं घड्याळ यूटीसीवर असतं. म्हणजे मुंबई रीजनमधला सर्व्हर असला तरी पॅच आपल्या वेळेने साडेअकरा ते साडेबारात बसतो, भर कामाच्या वेळेत, शेअर बाजार उघडा असताना. टायमर लिहिणाऱ्याने पहाटेची शांत वेळ निवडली होती, आपल्याला ती मिळत नाही. सिस्टमडीच्या ओव्हरराइड फाइलीत वेळ बदला, आणि सगळ्या मशीनला वेगवेगळा दिवस द्या.

बंद करा असं मी म्हणणार नाही, सिक्युरिटी पॅच महिनोन्‌महिने न लावणं जास्त वाईट. माझं मत असं: प्रॉडक्शनवर सिस्टमडी, नेटप्लॅन, नेटवर्क मॅनेजर आणि कर्नल ही पॅकेज अनअटेंडेडच्या ब्लॅकलिस्टमध्ये टाका, बाकीची बसू द्या, आणि ही चार ठरलेल्या विंडोत माणूस समोर असताना लावा. शिवाय कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) किंवा बीजीपीचा (राउटरांनी एकमेकांना राउट सांगायचा प्रोटोकॉल) डेमन किंवा व्हीपीएन असं काहीही स्वतः राउट टाकत असेल तर नेटवर्कडी डॉट कॉन्फमध्ये "मॅनेज फॉरेन राउट्स" आणि "मॅनेज फॉरेन राउटिंग पॉलिसी रूल्स" दोन्ही "नो" करा. आणि २२.०४ पासून उबुंटू सर्व्हरवर नीडरीस्टार्ट नावाचं पॅकेज असतं, ते अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट करतं, त्याच्या कॉन्फिगमध्ये काय ठरवलंय तेही एकदा बघून घ्या.

सेंटओएस ७ वरून पुढे आलोय, इफसीएफजी (जुन्या पद्धतीच्या नेटवर्क कॉन्फिग) फाइली चालतील का?

रेडहॅटच्या घरातल्या सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे अजूनही हा प्रश्न रोज येतो. हिशोब असा आहे: रेडहॅट ८ मध्ये जुन्या नेटवर्क-स्क्रिप्ट्स चालायच्या पण "काढणार आहोत" असं सांगून, ९ मध्ये त्या गेल्या, पण नेटवर्क मॅनेजर इफसीएफजी फाइली वाचू शकत होता, नवीन कनेक्शन मात्र कीफाइल या नव्या स्वरूपात, आणि १० मध्ये इफसीएफजी वाचणंही बंद. म्हणजे ९ वर आहात तोवर "एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट" चालवा, सगळ्या जुन्या फाइली कीफाइल होऊन सिस्टम-कनेक्शन्स फोल्डरमध्ये जातात. १० वर उडी मारून मग आठवण झाली तर कन्सोलवर बसून हाताने लिहावं लागेल. हाताने लिहिलंच तर फाइलीचा मालक रूट आणि परवानगी ६०० हवी, नाहीतर नेटवर्क मॅनेजर ती फाइल घेतच नाही.

टीमिंग (बाँडसारखीच कार्डं जोडण्याची दुसरी पद्धत) वापरत असाल तर ते ९ मध्येच जुनं ठरवलं आणि १० मध्ये काढून टाकलं, आधीच बाँडवर या.

एक फसवी गोष्ट: कनेक्शन फाइल जुन्या कार्डाच्या नावाला बांधलेली असेल आणि नाव बदललं, तर नेटवर्क मॅनेजर त्या अनाथ कार्डासाठी स्वतःच "वायर्ड कनेक्शन १" बनवून डीएचसीपी मागायला लागतो. कुठूनतरी आयपी मिळतो, लिंक हिरवी दिसते, आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. "नेटवर्क मॅनेजर-कॉन्फिग-सर्व्हर" हे पॅकेज टाकलं की हे आपोआप कनेक्शन बनवणं बंद होतं, सर्व्हरवर ते असायलाच हवं.

डीएचसीपीवर रिझर्व्हेशन आहे तरी अपग्रेडनंतर आयपी बदलला.

क्लायंट बदलला. जुना डीएचक्लायंट मॅकवरून ओळख सांगायचा, सिस्टमडी-नेटवर्कडी मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख पाठवतो, तुमच्या डीएचसीपी सर्व्हरला तो नवीनच पाहुणा वाटतो. नेटप्लॅनमध्ये त्या इंटरफेसखाली "डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक" लिहा. व्हीएम टेम्प्लेटवरून क्लोन केले असतील आणि मशीन-आयडी रिकामा केला नसेल तर याच कारणाने दोन मशीनना एकच आयपी मिळतो, तेही तपासा. खरं म्हणजे डेटाबेस, लोड बॅलन्सर, डीएनएस असल्या सर्व्हरना स्टॅटिकच द्या.

पिंग जातो पण नावं रिझॉल्व्ह होत नाहीत.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ बघा, ती फाइल आहे की सिमलिंक. सिस्टमडी-रिझॉल्व्हडी (सिस्टमडीचा डीएनएस सांभाळणारा भाग) असेल तर आत १२७.०.०.५३ दिसेल आणि खरे सर्व्हर "रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस" मध्ये. डेबियन ११ वरून १२ ला जाणाऱ्यांनी विशेष सांभाळा, १२ मध्ये रिझॉल्व्हडी वेगळं पॅकेज झालं आणि अपग्रेडमध्ये ते आपोआप येत नाही, म्हणजे सिमलिंक राहते आणि ज्याच्याकडे ती बोट दाखवते तोच नाही. त्यात डीएनएस नसल्यामुळे पॅकेज डाउनलोडही होत नाही. आधीच डाउनलोड करून ठेवा, किंवा तात्पुरती साधी फाइल ठेवून त्यात नेमसर्व्हर लिहा.

ब्रिजचा मॅक बदलला आणि होस्टिंगवाल्याने ट्रॅफिक बंद केलं, असं होतं का?

होतं. पूर्वी ब्रिज आपल्या पोर्टमधल्या कार्डाचा मॅक घ्यायचा. सिस्टमडी २४२ पासून ब्रिज आणि बाँडसारख्या व्हर्च्युअल उपकरणांनाही मशीन-आयडी आणि नावावरून काढलेला स्वतःचा मॅक द्यायची पद्धत आली, आणि डेबियन १० मध्ये २४१ तर ११ मध्ये २४७ असल्यामुळे हा बदल नेमका त्या अपग्रेडमध्ये अंगावर आला. ज्या होस्टिंग कंपन्या ठरलेल्या मॅकशिवाय दुसरा दिसला की पोर्ट अडवतात तिथे सर्व्हर एकदम दिसेनासा. ब्रिजच्या कॉन्फिगमध्ये "एचडब्ल्यू-अ‍ॅड्रेस" लिहून मॅक पक्का करा, एका ओळीचं काम आहे.

डेबियन १३ ला गेलो आणि आमचा राउटर पॅकेट पुढे पाठवेना.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ईटीसीमधली "सिससीटीएल डॉट कॉन्फ" ही जुनी फाइल बूटला वाचलीच जात नाही. वर्षानुवर्षं लोकांनी आयपी-फॉरवर्डची ओळ त्यातच घातलेली. "सिससीटीएल डॉट डी" फोल्डरमध्ये स्वतःच्या नावाची, ९० ने सुरू होणारी फाइल करून सगळं तिकडे हलवा आणि हे अपग्रेडच्या आधी करा, जुन्या डेबियनवरही ते तसंच चालतं. हलवताना आरपी-फिल्टरची (परतीची वाट जुळत नाही ती पॅकेट टाकून देणारी तपासणी) किंमतही स्पष्ट लिहा, दोन आयएसपी किंवा दोन गेटवे असलेल्या मशीनवर त्याचं डिफॉल्ट बदललं की एका बाजूची उत्तरं गुपचूप गिळली जातात.

फायरवॉलचे नियम तेच आहेत, तरी वागणं वेगळं का?

डेबियन १० आणि रेडहॅट ८ पासून मागे एनएफटेबल्स हे नवीन फायरवॉल इंजिन आहे, "आयपीटेबल्स" ही कमांडसुद्धा आतून त्याच्याशीच बोलते. पण एखादा जुना डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) किंवा स्क्रिप्ट लेगसी आयपीटेबल्समध्ये नियम टाकत असेल तर दोन्हीकडचे नियम एकाच वेळी लागू असतात आणि एका यादीत दुसरे दिसत नाहीत. दोन्ही याद्या काढा. आणि एनएफटेबल्सची सर्व्हिस रीस्टार्ट होताना फाइलीच्या वरच्या "फ्लश रूलसेट" ने डॉकरच्या साखळ्याही पुसते, मग कंटेनरचे पोर्ट बंद, डॉकर रीस्टार्ट केल्यावर येतात.

अपग्रेड मध्येच विचारतं की जुनी फाइल ठेवू का नवीन टाकू, काय उत्तर द्यायचं?

नेटवर्कच्या फाइलीसाठी जुनी ठेवा. नंतर डॉट-डीपीकेजी-डिस्ट किंवा डॉट-आरपीएम-न्यू नावाने बाजूला पडलेली नवीन फाइल उघडून फरक वाचा, जे खरंच हवं ते हाताने आणा.

क्लाउडवर मी नेटप्लॅनची फाइल बदलली, रीबूटनंतर परत जुनी आली.

क्लाउड-इनिटने, म्हणजे क्लाउडवरच्या मशीनची सुरुवातीची सेटिंग करणाऱ्या प्रोग्रामने, लिहिली. ५० ने सुरू होणारी क्लाउड-इनिटची फाइल तुमची नाहीच. एकतर क्लाउड-इनिटचं नेटवर्क बंद करा, "क्लाउड डॉट सीएफजी डॉट डी" मध्ये छोटी फाइल टाकून नेटवर्कचं कॉन्फिग "डिसेबल्ड" म्हणायचं, किंवा त्याच्यावरच सोपवा. दोघांनी एकच फाइल लिहायची नाही. नेटप्लॅनमध्ये "गेटवे४" अजून असेल तर तेही काढून राउट्सखाली "टू: डिफॉल्ट" असं लिहून टाका.

पॅकेज कायमची होल्डवर ठेवली तर?

एका विंडोपुरती ठेवा, तारीख लिहून ठेवा. "अ‍ॅप्ट-मार्क होल्ड" किंवा डीएनएफचा व्हर्जनलॉक लावून विसरलेली मशीन दोन वर्षांनी एकदम मोठी उडी मारते आणि वर लिहिलेलं सगळं एकाच रात्री अंगावर येतं.

कुठल्या क्रमाने आणि कधी करायचं?

आधी टेस्ट मशीन, पण खरोखर प्रॉडक्शनसारखं म्हणजे तेच कार्ड, तोच बाँड, तेच व्हीलॅन. एक कार्ड असलेल्या लॅपटॉपवरच्या व्हीएमवर बाँडिंग तपासता येत नाही. मग प्रॉडक्शनमधलं एक, लोड बॅलन्सरमधून बाहेर काढून. ते निदान एक पूर्ण कामाचा दिवस चालू द्या, मग पुढची तुकडी. कीपअलाइव्हडीची जोडी (एक पडला की दुसरा त्याची जागा घेतो असे दोन सर्व्हर) असेल तर बॅकअपवालं आधी, आणि दोन्ही एकाच रात्री नाही.

वेळेचं म्हणाल तर शुक्रवार संध्याकाळ नको हे सगळे सांगतात, मी त्यात गणपतीचे दिवस घालतो, विसर्जनाच्या रात्री डेटा सेंटरमध्ये हात लावायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर रस्ते बंद असतात. दिवाळीच्या आधीचा सेलचा काळही तसाच.

झालं असं कधी म्हणायचं?

एसएसएच लागलं म्हणजे झालं नाही. आधी काढलेल्या फोटोशी डिफ मारा आणि प्रत्येक फरकाचं कारण सांगता आलं पाहिजे. बाँड असेल तर एक वायर काढून, म्हणजे स्विचवरून एक पोर्ट बंद करून बघा, दोन्ही बाजूंनी. जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पॅकेट) असतील तर ८९७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याची खूण लावून, स्टोरेजपर्यंत पाठवा, नुसता साधा पिंग एमटीयूची (पॅकेटचा कमाल आकार) चूक कधीच दाखवत नाही. आयपीव्ही६ वेगळं तपासा. टाइम सर्व्हर, बॅकअपचं नेटवर्क, मॉनिटरिंगचा एजंट, लॉग जातायत का, कारण या गोष्टी दुसऱ्या इंटरफेसवर असतात आणि वापरणाऱ्यांकडून लगेच तक्रार येत नाही. मग चालू मशीनवर नेटवर्कची सर्व्हिस एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा आणि राउट परत मोजा. शेवटी अजून एक रीबूट, आणि परत डिफ. दोन्ही डिफ स्वच्छ आले की मग मशीन लोड बॅलन्सरमध्ये घ्या आणि जुना कर्नल पुढच्या विंडोपर्यंत ग्रबच्या यादीतून काढू नका.